अमेरिकेच्या दक्षिणेतलं बार्बेक्यू आणि बँड: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

टेक्सास किंवा टेनेसीत बार्बेक्यूच्या हॉटेलात जेवून आलेले आपले लोक दोन तक्रारी हमखास करतात. पहिली, "सात वाजता पोचलो तर ब्रिस्केट संपलेलं." दुसरी, "बँड एवढ्या जोरात वाजत होता की काउंटरवरच्या बाईला आमची ऑर्डरच कळेना." दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. मांसाची वेळ दुपारची असते आणि गाण्याची संध्याकाळची. या दोन वेळांची सांगड घालून गेलात तर जेवणही उत्तम होतं आणि गाणंही. ती कशी घालायची, काय मागवायचं, घरात कोणी बीफ-पोर्क खात नसेल किंवा शाकाहारी असेल तर काय करायचं, ते क्रमाने बघू.

संपलं म्हणजे खरोखर संपलेलं का असतं

पुण्या-मुंबईत बार्बेक्यू म्हटलं की टेबलातली शेगडी आणि सळईवरचं पनीर डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र हा शब्द मंद आचेसाठी आणि धुरासाठी राखून ठेवलेला आहे. मांसाचा मोठा, मुळात चिवट तुकडा भट्टीत विस्तवापासून लांब ठेवतात. भट्टीला तिथे पिट म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्याला पिटमास्टर. आतली उष्णता 225 ते 275 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 107 ते 135 अंश सेल्सिअस. ब्रिस्केट हा गाईबैलांच्या छातीकडचा भाग. त्याला 10 ते 14 तास लागतात. डुकराच्या खांद्याला 8 ते 12 तास, रिब्जना, म्हणजे बरगड्यांना, पाच-सहा, कोंबडीला तीन-चार.

ब्रिस्केट आतून 150 ते 165 अंश फॅरनहाइटपर्यंत तापलं की तिथेच अडून बसतं. घामाने अंग गार पडतं तसंच हे आहे: मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होत राहतं आणि भट्टीची उष्णता त्यातच खर्ची पडते. थर्मामीटरचा काटा कधी कधी तासन्‌तास हलत नाही. आच वाढवून घाई केली तर वरून करपतं आणि आत चिवट राहतं. शेवटी 200 अंशांच्या थोडं पुढे गेल्यावर आतल्या शिरा-पापुद्रे विरघळून मऊ होतात, आणि मग ते उबेत ठेवून मुरू द्यावं लागतं. म्हणून आदल्या संध्याकाळी चढवलेलं ब्रिस्केट दुसऱ्या दिवशी अकराला कापायला घेतात. कच्चा तुकडा 12-14 पाउंडांचा असला तरी चरबी छाटून आणि पाणी उडून हातात जवळपास निम्मंच येतं. त्यामुळे दारावर 'सोल्ड आउट'ची पाटी दिसली तर आत शिल्लक ठेवून ग्राहकाला टाळतायत असं समजू नका. उद्याचं आत्ता भट्टीत आहे आणि ते उद्याच होणार आहे.

कुठे काय खायचं

एका राज्यातली सवय दुसऱ्या राज्यात घेऊन गेलात तर निराशा होते. मध्य टेक्सासात गोमांस मुख्य, मसाला म्हणजे मीठ आणि जाडसर मिरपूड, लाकूड पोस्ट ओक नावाच्या झाडाचं. जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या खाटीकखान्यांतून ही पद्धत आली, म्हणून मांस अजूनही वजनावर आणि कागदावर मिळतं. ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट हे छोटं गाव टेक्सासच्या विधिमंडळाने राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून जाहीर केलेलं आहे. तिथल्या 1900 साली सुरू झालेल्या क्रूझ मार्केटमध्ये कितीतरी वर्षं सॉसही देत नसत आणि काटेही.

मेम्फिसमध्ये डुकराच्या रिब्ज. त्यात 'ड्राय' म्हणजे कोरडा मसाला भुरभुरलेल्या आणि 'वेट' म्हणजे सॉस लावलेल्या. पूर्व नॉर्थ कॅरोलायनात अख्खं डुक्कर भाजून, मांस बारीक करून त्यावर व्हिनेगर आणि मिरचीचं पातळ पाणी घालतात. त्याच राज्यात पश्चिमेकडे लेक्सिंग्टनला फक्त खांदा आणि व्हिनेगरात थोडं टोमॅटो केचप. साउथ कॅरोलायनाच्या मधल्या पट्ट्यात सॉस मोहरीचा, पिवळा. उत्तर अलाबामात कोंबडी चक्क पांढऱ्या सॉसमध्ये बुडवतात. तो मेयोनेज आणि व्हिनेगरचा असतो आणि डिकेटर गावच्या बिग बॉब गिब्सनचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे.

आपल्या माणसांनी खास लक्षात ठेवावं असं गाव म्हणजे केंटकीतलं ओन्सबरो. तिथे बार्बेक्यू म्हणजे मटण. मात्र ते आपलं बोकडाचं मटण नव्हे, मोठ्या मेंढीचं. त्याला वशट वास असतो, तो कमी व्हावा म्हणून व्हिनेगर आणि वूस्टरशर सॉसचं काळं पाणी वरचेवर लावत राहतात. सोबत बर्गू नावाचा दाट रस्सा येतो, त्यातही बहुधा मेंढीचं मांस असतं. बीफ आणि पोर्क दोन्ही वर्ज्य असलेल्या, पण मटणाची ओढ असलेल्या माणसाला दक्षिणेत याहून जवळचं काही सापडणं अवघड आहे. एवढंच, की बर्गू मागवण्याआधी त्यात आणखी कोणतं मांस आहे ते विचारा.

दिवस आणि वेळ

ज्या ठिकाणी जेवणासोबत बँड असतो, तिथे तो बहुधा गुरुवार ते शनिवार संध्याकाळी सात-आठच्या सुमारास सुरू होतो. काही ठिकाणी रविवारी दुपारीही वाजवतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आमची पसंती रविवार दुपारला: मांस ताजं असतं, गाणं सौम्य असतं, मुलं झोपेला आलेली नसतात. ते जमत नसेल तर हे करा:

1. दोन-तीन दिवस आधी हॉटेलच्या कॅलेंडरवर बँडची वेळ बघा. 'डोअर्स' म्हणजे दार उघडण्याची वेळ आणि 'शो' म्हणजे गाणं सुरू होण्याची. या दोन्हींत तासाभराचा फरक असू शकतो.
2. त्याच दिवशी दुपारी तीन-चारला फोन करा आणि एवढंच विचारा: ब्रिस्केट संध्याकाळपर्यंत राहील का, आणि संध्याकाळसाठी वेगळं काढता का. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत दुसरी खेप संध्याकाळी पाचच्या आसपास काढतात. तशी असेल तर चिंता नाही.
3. दुसरी खेप नसेल तर पाउंडावर आधी सांगून ठेवता येतं का ते विचारा. कित्येक जण पूर्ण ब्रिस्केटच राखून ठेवतात, थोडं देत नाहीत. अशा वेळी पुल्ड पोर्क (डुकराच्या खांद्याचं तंतू सुटे केलेलं मांस), सॉसेज किंवा कोंबडीवर जेवण ठरवा.
4. गाणं सुरू व्हायच्या सव्वा तास आधी पोचा. वीस मिनिटं रांग, चाळीस मिनिटं जेवण, आणि मग ट्रे उचलून निवांत बसायचं.

संध्याकाळी काय मागवावं यालाही कारण आहे. ब्रिस्केटचा कमी चरबीचा भाग उबेच्या कपाटात राहून राहून सुकतो आणि एकदा कापला की काही मिनिटांत त्याचा रंग उतरतो. पुल्ड पोर्क आणि सॉसेज तेवढे बिघडत नाहीत, कारण त्यांत चरबी सगळीकडे पसरलेली असते. "रात्री नऊला खाल्लं, ब्रिस्केट लाकडासारखं होतं" असा कोणाचा अनुभव वाचलात तर त्यातला 'नऊ' हा आकडा आधी बघा.

काउंटरवर

दोन पद्धती असतात. कुठे वेटर टेबलाशी येतो आणि प्लेट मागवायची: एक किंवा दोन मांसं, दोन साइड डिश, ब्रेड. इथे फारसं काही चुकत नाही. टेक्सासच्या पद्धतीत मात्र रांगेतून पुढे सरकत ट्रे भरायचा असतो. आधी मांस कापणारा, मग साइड डिश, शेवटी पैसे. कापणारा समोरच, हातमोजे घालून, लांब सुरी घेऊन उभा असतो, आणि तुमचं जेवण कसं होणार हे बरंचसं त्याच्याशी होणाऱ्या पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरतं.

तो पहिला प्रश्न विचारतो: "मॉइस्ट ऑर लीन?" मॉइस्ट म्हणजे ओलसर नव्हे, चरबीचा भाग. ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू एकावर एक असतात: पसरट, कमी चरबीचा तो लीन आणि वरचा गुबगुबीत, चरबीने माखलेला तो मॉइस्ट. दोघांचे तंतू वेगवेगळ्या दिशांना जातात. नीट बघाल तर सुरी दोन भागांच्या जोडापर्यंत आली की कापणारा अख्खा तुकडाच वळवून घेतो, कारण तंतूंना आडवं कापलं तरच घास तुटतो. पहिल्यांदा खाताना दोन्हींचा एकेक काप मागा. त्याने चवीला म्हणून कोपऱ्यातला काळा तुकडा हातावर ठेवला तर घ्या. तो भागच सगळ्यात चविष्ट असतो.

वजन पाउंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये. शिजलेलं मांस मोठ्या माणसाला एक तृतीयांश ते अर्धा पाउंड, मुलाला पाव पाउंड पुरतं. काप आधी कापतात आणि मग वजन करतात, त्यामुळे अर्धा पाउंड मागितला तर काटा थोडा पुढेच जातो. खटकत असेल तर कापांच्या संख्येत मागा, "तीन काप लीन" असं. बीफ रिबबाबत सावध राहा: एकच बरगडी हाडासकट पाउंडभर किंवा त्याहून जास्त भरते आणि भाव पाउंडाचा असतो. उचलण्याआधी "ही एक किती भरेल?" असं विचारायला अजिबात संकोच करू नका. रोज शंभर जण विचारतात.

चौघांसाठी, त्यातले दोघं बीफ-पोर्क खात नाहीत, असं धरून पुरेशी ऑर्डर अशी: ब्रिस्केट अर्धा पाउंड दोन्ही भाग मिळून, रिब्ज तीन, टर्कीची छाती अर्धा पाउंड, अर्धी कोंबडी, आणि साइड डिश दोन पाइंट. पाइंट साधारण 470 मिलिलिटरचा, तीन जणांना पुरतो. ब्रेडचे पांढरे स्लाइस, कांदा, काकडीचं लोणचं हे बहुधा फुकट मिळतं. लोणचं भरपूर घ्या. चरबीच्या प्रत्येक दोन-तीन घासांमागे एक आंबट काप गेला तर जेवण जड होत नाही. आपल्याकडे सुक्क्यासोबत कांदा-लिंबू येतं तेच काम ते करतं.

टर्की आणि कोंबडी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. एक, टर्कीला बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या, गुंडाळलेलं आहे का. दोन, वेगळ्या फळीवर वेगळ्या सुरीने कापून मिळेल का. तीच फळी सगळ्या मांसांना वापरतात आणि तिच्यावर बीफची चरबी साचलेली असते. गर्दी नसेल तर बहुतेक जण आनंदाने दुसरी फळी घेतात, हातमोजे बदलतात. भट्टी मात्र एकच असते, वरच्या जाळीवरची चरबी खाली ठिबकू शकते. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी इथे मांसाहार न केलेला बरा. सॉसेजमध्ये मिश्रण असतं, आणि 'बीफ सॉसेज' म्हटलं तरी बाहेरचं आवरण डुकराच्या आतड्याचं असू शकतं.

शाकाहारी माणसाला घेऊन जात असाल तर

चुका सर्वांत जास्त इथेच होतात, आणि आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आलेले असताना त्या फार लागतात. "हे व्हेजिटेरियन आहे का?" असं विचारू नका. दक्षिणेत बीन्स आणि पालेभाजी या 'व्हेजिटेबल'मध्ये मोडतात, त्यामुळे समोरचा मनापासून हो म्हणतो. नेमकं विचारा: "इज देअर एनी मीट, बेकन, लार्ड ऑर मीट ब्रॉथ इन इट?" लार्ड म्हणजे डुकराची चरबी, ब्रॉथ म्हणजे मांसाचं पाणी.

बीन्समध्ये बहुतेक वेळा ब्रिस्केटचे तुकडे किंवा बेकन. कोलार्ड ग्रीन्स, म्हणजे कोबीच्या जातीची जाड पालेभाजी, डुकराच्या पायाच्या धुरावलेल्या हाडाबरोबर शिजवतात. फरसबीतही बेकन. कॉर्नब्रेड बघून मक्याची भाकरी आठवते, पण त्यात बहुधा अंडं असतं आणि कढईला कधी कधी बेकनची चरबी लावलेली असते. तळलेली भेंडी सर्वांना आवडते, पण ती कॅटफिश किंवा चिकन तळलेल्याच तेलात गेलेली असू शकते. बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडं, कोलस्लॉमध्ये, म्हणजे कोबीच्या कोशिंबिरीत, मेयोनेजमुळे अंडं. बार्बेक्यू सॉसमध्ये वूस्टरशर असेल तर त्यात अँकोव्ही मासा. बनाना पुडिंगमध्ये अंडं.

उरतं काय? भाजलेला बटाटा, त्यावर लोणी, चीज, कांद्याची पात, मक्याचं कणीस, मॅक अँड चीज (चीजमधली मॅकरोनी; चीजमध्ये असू शकणारं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, चालत असेल तर), वेगळ्या तेलात तळलेले फ्राइज, आणि जो कोलस्लॉ नुसत्या व्हिनेगरचा असतो तो. एवढ्यात पोट भरतं, पण तेवढ्यासाठी कोणी हौसेने इथे यावं असं नाही. अंडंही न खाणाऱ्या आजी-आजोबांना घरी वरणभात करून जेवू घाला आणि गाण्याला, गोड चहाला घेऊन या. त्यांना उपाशी बसवून आपण रिब्ज खाण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. श्रावणातला शनिवार असेल तर बेत पुढे ढकला.

गोड चहा म्हणजे स्वीट टी: बर्फ घातलेला, दूध नसलेला आणि गुलाबजामच्या पाकाची आठवण करून देईल इतका गोड. मधुमेह असलेल्यांनी 'अनस्वीट' मागावा. 'हाफ अँड हाफ' म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोन्ही मिसळून देतात. कपात पुन्हा भरून घ्यायला बहुधा पैसे पडत नाहीत.

ट्रे समोर आल्यावर

आधी सॉस न लावता एक घास खा. ब्रिस्केटचा काप बोटावर आडवा टाका: दोन्ही बाजूंनी वाकून लोंबायला हवा, पण तुटायला नको. दोन टोकं धरून हलकेच ओढलं की सुटा व्हायला हवा. रबरासारखा ताणला गेला तर कमी शिजलाय. उचलताना चुरा झाला तर जास्त. अनुभवी कापणारा कमी शिजलेल्याचे काप पातळ करतो आणि जास्त शिजलेल्याचे जाड, त्यामुळे एरवी पेन्सिलीएवढी जाडी असताना आज बोटभर जाड काप मिळाला तर तोही एक इशाराच आहे.

काळी साल जळालेली नसते. मिरपूड, धूर आणि चरबी यांचं ते कवच, त्याला बार्क म्हणतात. सालीखाली गुलाबी कड दिसते, तीही कच्चेपणाची खूण नाही. लाकडाच्या धुरातले वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून बसतात आणि तो रंग शिजल्यावरही जात नाही. कोंबडीचंही तसंच: हाडाजवळ ती गुलाबी दिसते आणि घाबरून लोक परत पाठवतात. कोंबडीसाठी कसोटी रंगाची नाही, आतल्या 165 अंश फॅरनहाइटची आहे, म्हणजे 74 सेल्सिअसची. शंका असेल तर "थर्मामीटर लावून बघाल का?" असं विचारा. रस गुलाबी आणि मांस जेलीसारखं घसरडं असेल तर मात्र खाऊ नका.

रिब चावल्यावर दाताचा आकार स्पष्ट उमटायला हवा आणि तेवढाच घास सुटायला हवा. मांस हाडावरून आपोआप गळून पडतं हे अनेकांना कौतुकाचं वाटतं, पण जाणकारांच्या मते ती रिब जास्त शिजलेली असते. हाताने खाण्याचा संकोच करू नका, तिथे सगळे हातानेच खातात. टेबलावर कागदी रुमालांचं अख्खं रीळ ठेवलेलं असतं ते त्यासाठीच.

खरोखर कोरडं किंवा चिवट मिळालं तर पहिल्या दोन घासांतच उठा, ट्रे घेऊन कापणाऱ्याकडे जा आणि शांतपणे सांगा: "हा लीनचा काप फार कोरडा आहे, मॉइस्टचा बदलून मिळेल का?" चांगल्या ठिकाणी लगेच बदलून देतात. अर्धा पाउंड संपवून मग सांगितलं तर कोणालाही ते पटत नाही. घरी जाऊन एक तारा देऊन राग काढण्यात तर तुमचं जेवण सुधारत नाही.

इतरांचे अनुभव वाचून हॉटेल निवडत असाल तर तारे सोडून तपशील वाचा. 'संपलं होतं' ही तक्रार मांस रोजचं ताजं असल्याची खूण असू शकते. 'सगळं थंडगार होतं' ही मात्र गंभीर, आणि तीन-चार जणांनी वेगवेगळ्या दिवशी लिहिली असेल तर तिथे जाऊ नका.

गाणं

मांस आणि गाणं एका छताखाली आलं ते उगाच नाही. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या या भट्ट्या सांभाळल्या त्या मोठ्या प्रमाणात गुलामगिरीत जखडलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी आणि पुढे त्यांच्या वंशजांनी, आणि ब्लूज हा गाण्याचा प्रकारही त्याच समाजाचा. सी. बी. स्टबलफील्ड यांनी 1968 साली टेक्सासातल्या लबक शहरात स्टब्ज नावाचं बार्बेक्यूचं दुकान काढलं. रविवारी रात्री वादक तिथे जमायला लागले. मडी वॉटर्स, जॉनी कॅश, स्टीव्ही रे वॉन यांच्यासारखे कलाकार तिथे वाजवून गेले. ऑस्टिनमध्ये त्याच नावाची जागा आज मोठ्या मैफलींसाठी ओळखली जाते. मेम्फिसला बील स्ट्रीटवर रिब्ज आणि ब्लूज शेजारी शेजारीच मिळतात.

बसायची जागा गाणं सुरू होण्याआधी निवडा. गप्पा मारायच्या असतील तर मंचाच्या काटकोनात, भिंतीकडे, मोठ्या स्पीकरच्या तोंडापासून दूर. गाणं नीट ऐकायचं असेल तर आवाजाचं मिक्सर जिथे मांडलेलं असतं त्याच्या आसपास. साउंड इंजिनियर आपल्या कानाला बरोबर वाटेल तसाच आवाज लावतो, म्हणून तिथे तो सर्वांत समतोल असतो. स्पीकरसमोर आवाज सहज 100 डेसिबलला पोचतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आठ तास चालतं आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. त्या हिशोबाने 100 ला फक्त पंधरा मिनिटं. लहान मुलांसाठी कान झाकणारे हेडफोन घेऊन जा, मोठ्यांसाठी फोमचे बोळे पुरतात. अंगणातलं हॉटेल असेल तर आवाज कमी लागतो, पण डासांचं मलम हवं.

एक सेट 45 मिनिटं ते तासाभराचा असतो, मग पंधरा-वीस मिनिटं विश्रांती. काउंटरवर पुन्हा काही घ्यायचं असेल तर शेवटचं गाणं सुरू असतानाच उठा, विश्रांतीत रांग लागते. दोन गाण्यांच्या मध्ये टाळ्या वाजवा, जेवत असलात तरी. आपल्याकडे मैफलीत जेवत नाहीत म्हणून काहींना अवघडल्यासारखं होतं. इथे वादकांना त्यात काही वावगं वाटत नाही, पण टाळ्याच नसतील तर वाटतं.

नाचायची जागा मोकळी सोडलेली असते. टेक्सासात टू-स्टेप नाचणारी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरतात, वेगाने जाणारी बाहेरच्या कडेला आणि सावकाश नाचणारी आतल्या बाजूला. फोटो काढायला मध्ये उभं राहिलात तर धक्के खाल. नाचता येत नसेल तर आतल्या बाजूला जा, कोणीही हसत नाही, उलट शिकवायला येतात.

पैसे

कव्हर चार्ज म्हणजे बँडसाठी दारावर घेतलेले पैसे. तो आहे का आणि जेवणाऱ्यांना माफ आहे का ते फोनवरच विचारून ठेवा. मेनूवरच्या भावात कर धरलेला नसतो. टेक्सासात राज्याचा आणि गावचा मिळून तो जास्तीत जास्त 8.25 टक्के, म्हणजे 60 डॉलरच्या जेवणाचे 64 डॉलर 95 सेंट. वेटर असेल तर 18 ते 20 टक्के टिप धरा. काउंटरवर स्वतः ट्रे घेतला असेल तर 10 टक्के पुष्कळ झाले. मोठ्या गटाला बिलातच टिप लावलेली असते, ती बघून मग वर द्या.

वादकांची टिप वेगळी. मंचापाशी बरणी किंवा बादली असते, हल्ली शेजारी क्यूआर कोडही. माणशी निदान दोन-तीन डॉलर, फर्माईश केलीत तर पाच ते दहा. फर्माईश गाणं चालू असताना ओरडून करायची नाही. चिठ्ठी नोटेसोबत बरणीत टाकायची. कित्येक छोट्या बँडांचं त्या रात्रीचं पेट्रोल त्या बरणीतूनच निघतं.

दारू मागवायची असेल तर वय 21 पूर्ण हवं आणि ओळखपत्र मूळ हवं. भारतातून आलेल्या पाहुण्यांचे केस पांढरे असले तरी पासपोर्ट मागू शकतात, फोनमधला फोटो चालेलच असं नाही. रात्री ठरावीक वेळेनंतर काही ठिकाणी 21 खालच्यांना आत ठेवत नाहीत; मुलं सोबत असतील तर हेही फोनवरच विचारा.

उरलेलं

उरतंच. डबा मागा, तो सहज देतात. मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात बाहेर 90 अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे डबा गाडीत ठेवून दुसरा सेट ऐकायला परत यायचं नाही. सोबत बर्फाची छोटी पेटी असेल तर ठीक. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, चरबी वितळून निघून जाते आणि तंतू वातड होतात. काप फॉइलमध्ये ठेवा, वर दोन चमचे पाणी किंवा सूप शिंपडा, पुडी घट्ट बंद करा आणि 325 अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये वीस ते तीस मिनिटं. टर्की उरली असेल तर तिचे तुकडे करून कांदा, हिरवी मिरची आणि हळदीवर परता. धुराची चव मसाल्यात उतरते, फक्त मीठ घालण्याआधी चाखून बघा, तिला ते आधीच भरपूर लागलेलं असतं.